लशीची अफवा ग्रुपवर आली की काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

रात्री साडेदहाला ग्रुपवर ऑडिओ येतो. घाबरलेल्या बाईचा आवाज. "उद्या गोवरची लस देणार आहेत, पोरांना पाठवू नका, एका गावात मुलं बेशुद्ध पडलीत." गावाचं नाव नाही, तारीख नाही. पाच मिनिटांत कुणीतरी जाणकार माणूस "फेक आहे, पसरवू नका" असं लिहितो आणि खात्री करून घ्यायला तोच ऑडिओ आणखी तीन ग्रुपांवर टाकून विचारतो, "हे खरं आहे का?" ज्या घरांनी तो ऐकलाच नव्हता, त्यांनीही आता ऐकला. गुरुवारच्या सत्राला नऊ मुलं कमी येतात.

तो जाणकार माणूस एकेकाळी मीच होतो. वस्तीतल्या लसीकरणाला हातभार लावताना ही चूक मी केली आहे आणि आजही दर मोहिमेत कुणी ना कुणी करतं. बहुतेकांना वाटतं की अफवा खोडली म्हणजे काम झालं. काम मूल सत्रापर्यंत आणण्याचं आहे. ग्रुपवरचा वाद जिंकूनही ते मूल घरीच राहिलं, तर गोवरच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं.

उदाहरण गोवरचंच घेतो, कारण अफवेचा परिणाम या आजारात सर्वांत लवकर दिसतो. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर गोवरचा एक रुग्ण साधारण 12 ते 18 जणांना आजार देतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. त्यामुळे 100 पैकी 95 मुलांना दोन्ही डोस मिळाले तरच साखळी तुटते. पोलिओ किंवा घटसर्पाच्या अफवेतही पायऱ्या याच राहतील, फक्त आकडे बदलतील.

## तयारी: अफवा येण्याआधीच करायची कामं

अफवा आल्यावर माहिती गोळा करायला बसलात तर उशीर झाला. तीन गोष्टी आधीपासून हाताशी हव्यात.

यादी. आपल्या गल्लीतली, इमारतीतली किंवा पाड्यावरची पाच वर्षांखालची मुलं, प्रत्येकाची जन्मतारीख आणि गोवर-रुबेलाचे दोन डोस: पहिला 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. आशाताईंकडे आणि अंगणवाडीत अशी यादी असतेच, नवी वही घालू नका. मात्र भाड्याने आलेली, वीटभट्टीवरची, ऊसतोडीहून परतलेली कुटुंबं यादीतून सुटतात, तेवढी तुम्ही भरा. कार्ड प्रत्यक्ष पाहा. "सगळं दिलंय" या उत्तरावर खूण करू नका. आईला वाटतं पोलिओचे थेंब म्हणजे सगळं.

माणसं. आशाताई, उपकेंद्राच्या सिस्टर, आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी यांचे फोन. शिवाय वस्तीत ज्याचं ऐकलं जातं असा एक माणूस. तो नगरसेवकच असेल असं नाही. बऱ्याच ठिकाणी ती बाळंतपणं केलेली मावशी असते, मशिदीचे इमाम असतात, किराणा दुकानदारही असतो.

पूर्वसूचना. सत्राची तारीख, वेळ आणि कोणती लस, हे पालकांना निदान चार दिवस आधी कळायला हवं. शाळेतल्या मोहिमेत तर हे फारच महत्त्वाचं. पालकांना न सांगता टोचलं ही तक्रार अफवेपेक्षा वेगाने पसरते आणि ती खरी असते.

> तपासा: कुणालाही फोन न करता "माझ्या गल्लीत डोस राहिलेली मुलं किती आणि कोणती?" याचं उत्तर देता येतं का? येत नसेल तर पुढे जाऊ नका, यादी पूर्ण करा.

## पायरी 1: मेसेज थांबवा, नोंद ठेवा

मूळ ऑडिओ, व्हिडिओ किंवा फोटो पुढे पाठवू नका, "खोटं आहे" असं लिहूनही नाही. त्याला टॅग करून उत्तरही देऊ नका, कारण तो पुन्हा ग्रुपच्या तळाशी, म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतो.

एका कागदावर लिहा: नेमकं काय म्हटलंय, कधी आलं, कोणत्या ग्रुपवर आलं, मेसेजवर "अनेकदा फॉरवर्ड केलेला" अशी खूण आहे का. एक प्रत फक्त वैद्यकीय अधिकाऱ्यांना पाठवा. ॲडमिनला वैयक्तिक फोन करून मेसेज काढायला सांगा. पाठवणाऱ्याला ग्रुपवर झापू नका. ती बहुधा कुणाची तरी घाबरलेली आई असते आणि अपमान झालेली आई सत्राला येत नाही.

## पायरी 2: आत खरा कण आहे का ते आधी शोधा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात आणि तिथेच फसतात.

सामोआ या पॅसिफिकमधल्या छोट्या देशात जुलै 2018 मध्ये गोवर-गालगुंड-रुबेलाची लस दिल्यावर दोन बाळं काही मिनिटांत दगावली. ही अफवा नव्हती, खरंच घडलं होतं. लशीची पूड विरघळवायला तिच्यासोबतचं पाणी घ्यायचं असतं. परिचारिकांनी चुकून स्नायू शिथिल करणारं औषध वापरलं होतं. दोष लशीचा नव्हता, ती देणाऱ्यांच्या हातून झालेला होता. पण सरकारने ही लसच महिनोन्महिने बंद ठेवली आणि लस घातकच आहे असं सांगणाऱ्यांना मोकळं रान मिळालं. त्या वर्षी पहिला डोस घेतलेल्या बाळांचं प्रमाण सुमारे 31 टक्क्यांवर आलं. पुढच्या वर्षी गोवर तिथे पोहोचला तेव्हा दोन लाखांच्या देशात 5,700 च्या आसपास रुग्ण झाले आणि 83 जण दगावले, त्यातली बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. डिसेंबर 2019 मध्ये दोन दिवस देश बंद ठेवून पथकं दारोदार फिरली. ज्या घरात लस राहिली होती त्यांनी दाराबाहेर लाल कापड बांधायचं होतं.

त्या दोन मृत्यूंनंतर "असं काही झालंच नाही" म्हणणारा माणूस खोटा ठरला असता. "झालं, चूक अमुक होती, ती आता अशी टाळली जाते" म्हणणाऱ्यालाच लोकांनी विचारलं असतं की पुढे काय करायचं.

म्हणून आधी सिस्टरना विचारा: जवळपास खरंच कुणा मुलाला त्रास झाला का? कधी? दवाखान्यात नेलं होतं का? अशा प्रत्येक घटनेची नोंद व्हावी आणि ती गंभीर असेल तर चौकशीही व्हावी असा नियम आहे. चौकशी चालू असेल तर "चालू आहे" एवढंच सांगा. तिचा निकाल तुम्ही जाहीर करू नका.

> सावधान: खरी घटना दडवलीत आणि ती दोन दिवसांनी बाहेर आली, तर पुढची दोन वर्षं तुमच्या कुठल्याही शब्दाला किंमत राहणार नाही.

## पायरी 3: अफवा कोणत्या घरांपर्यंत गेली ते पाहा

तालुक्याची टक्केवारी इथे दिशाभूल करते. समजा, एका गावात लसीकरणाच्या वयाची 1,000 मुलं आहेत आणि 950 जणांचे दोन्ही डोस झालेत. कागदावर 95 टक्के. उरलेली 50 मुलं पंचवीस गल्ल्यांत विखुरलेली असतील तर गल्लीत दोन मुलं येतात आणि गोवरला पुढचा माणूस सापडत नाही. पण अफवा नातलगांच्या, एकाच गावाहून आलेल्यांच्या, एकाच प्रार्थनास्थळी जाणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरते आणि ती माणसं शेजारी शेजारी राहतात. त्या 50 पैकी 30 मुलं 40 मुलांच्या एकाच गल्लीत निघाली, तर तिथलं संरक्षण 25 टक्के. गोवरला तेवढी गल्ली पुरते.

अफवेने साथ कशी वाढते हे विचारलं की लोक "लसीकरण कमी होतं" म्हणतात. कमी होतं हे खरंच, पण ते एकाच जागी कमी होतं, आणि ती जागा सरासरीत दिसत नाही.

तयारीत केलेली यादी काढा. ज्या घरांत तो मेसेज पोहोचला असावा त्यांच्यापुढे टिंब करा. टिंबं जिथे दाटली, तिथून सुरुवात करायची. सगळ्या गावात पत्रकं वाटत फिरू नका, ज्यांना शंकाच नव्हती त्यांनाही ती लागेल.

## पायरी 4: घरी जा आणि आधी ऐका

फोनवर नको. दोघांनी जा, त्यातली एक वस्तीतली ओळखीची बाई असू द्या. वेळ मजुरीवरून परतल्यानंतरची. आणि निर्णय कोण घेतं ते बघा, कारण आईला पटवून उठलात आणि नाही म्हणणारी सासू होती, तर फेरी फुकट.

"का नाही दिली लस?" असा सवाल नको, तो जबाबासारखा लागतो. "काकू, गुरुवारी बाळ दिसलं नाही, बरं आहे ना?" एवढं म्हणा आणि गप्प बसा. मग जे बाहेर येतं ते ऑडिओत नसतंच. मला एका घरात कळलं की मागच्या वेळी मुलाला रात्रभर ताप आला आणि बापाची दोन दिवसांची हजेरी बुडाली. त्यांच्या दृष्टीने लशीची किंमत दोन दिवसांची मजुरी होती. दुसऱ्या घरी कार्ड हरवलं होतं आणि सिस्टर ओरडतील ही भीती. ऑडिओ हे सांगायला सोपं निमित्त.

2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीपासून गोवरची साथ भडकली तेव्हा सगळं खापर "लोकांच्या गैरसमजावर" फोडण्याची घाई झाली. गैरसमज होतेच. पण कोविडच्या काळात चुकलेले डोस होते, सतत घरं बदलणारी कुटुंबं होती आणि कामाला गेलेल्या आयांच्या वेळेशी न जुळणारी सत्रंही होती. ज्या घराची अडचण वेळेची आहे त्याला विज्ञान समजावत बसू नका. त्याला संध्याकाळचं किंवा रविवारचं सत्र मिळवून द्या.

कारण खरोखर अविश्वासाचं असेल तर तिथे कोण बोलतो हे महत्त्वाचं. नायजेरियातल्या कानो राज्यात 2003 मध्ये पोलिओचे थेंब वंध्यत्व आणतात या अफवेमुळे मोहीम थांबवली गेली. पोलिओचा विषाणू तिथून जवळजवळ वीस देशांत पोहोचला. पुन्हा सुरुवात झाली ती इंडोनेशिया या मुस्लिमबहुल देशातून लस आणल्यावर. आपल्याकडे उत्तर प्रदेशातही मौलवींना आणि अलिगढ, जामिया या विद्यापीठांना सोबत घेतल्यावर दारं उघडली. देशातला नैसर्गिक विषाणूचा शेवटचा पोलिओ रुग्ण 13 जानेवारी 2011 चा.

> तपासा: घरातून निघताना त्या कुटुंबाची अडचण त्यांच्याच शब्दांत एका ओळीत लिहिता येते का? येत नसेल तर तुम्ही जास्त बोललात.

## पायरी 5: आता उत्तर लिहा

ग्रुपवर लिहायची वेळ ही, पाचवी. क्रम असा: आधी खरी गोष्ट, मग अफवेचा एकदाच उल्लेख, मग ती चूक का, आणि शेवटी काय करायचं. सुरुवात अफवेने केलीत तर घाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात तीच राहते. समजा, अफवा वंध्यत्वाची आहे, तर नमुना असा:

"गुरुवारी सकाळी 10 ते 1 अंगणवाडीत गोवर-रुबेलाची लस आहे. या लशीने पुढे मूल होत नाही असा मेसेज फिरतोय, तो चुकीचा आहे. गोवरची लस आपल्या सरकारी लसीकरणात 1985 पासून आहे. लहानपणी ती घेतलेले कितीतरी जण आज आपल्याच गल्लीत आईबाप आहेत. लशीनंतर ताप आला तर काय करायचं ते सिस्टर सांगतील. कार्ड हरवलं असेल तरी या."

खाली नाव लिहा. निनावी मेसेजला उत्तर म्हणून दुसरा निनावी मेसेज चालत नाही.

लस घेतल्याने मूल स्वमग्न होतं, हा इंग्रजी शाळांच्या पालक-ग्रुपांवरचा आवडता मेसेज. त्याला एवढं पुरे: हा दावा 1998 मध्ये बारा मुलांवरच्या एका निबंधातून आला, त्या नियतकालिकाने तो 2010 मध्ये मागे घेतला, आणि 2019 मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासात असा संबंध आढळला नाही.

चूक कुठे होते? एका मेसेजमध्ये सात अफवांना उत्तरं देतात. ज्याने एकच ऐकली होती त्याला सहा नव्या मिळतात. मुलांचे पुरळाचे भयानक फोटो टाकतात, तेही नको.

## पायरी 6: सत्राचा दिवस

इथे ढिलाई झाली तर पुढची अफवा इथेच जन्मते. सिस्टरनी चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, पुढची तारीख, आणि कार्ड जपून पुढच्या वेळी आणा. गर्दीत दुसरी गोष्टच राहते. तुम्ही बाजूला उभं राहून ती सांगा.

गोवरच्या लशीनंतर काही मुलांना साधारण पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान ताप येतो, थोड्यांना हलकं पुरळही उठतं. दोनेक दिवसांत ते जातं. आठवड्याने आलेल्या या तापाबद्दल आधी सांगितलं नसेल तर आई म्हणते, "लशीनेच गोवर आला," आणि नवा ऑडिओ तयार. आधी सांगितलं असेल तर तीच आई शेजारणीला म्हणते, "येतो, सांगितलं होतं त्यांनी."

प्रत्येक मुलाला अर्धा तास तिथेच थांबवा. सावली आणि पाण्याची सोय करा, नाहीतर कुणी थांबत नाही. विरघळवलेली गोवरची लस चार तासांत वापरायची किंवा टाकून द्यायची असते आणि वेळ बाटलीवर लिहायची असते. पालकाने ती विचारली तर रागावू नका, दाखवा.

> सावधान: श्वास लागणं, अंगभर गांधी, मूल निपचित पडणं किंवा झटका यातलं काही दिसलं तर वाट पाहू नका. सिस्टरना बोलवा आणि 108 ला फोन करा.

## पायरी 7: ताप आणि पुरळ दिसलं तर

इथली चुकीची माहिती फोनवरून येत नाही, ती घरातच असते: "गोवर बाहेर पडू दे, औषध दिलं तर आत बसतो." कडुलिंबाचा पाला टांगतात, फोडणी बंद, दवाखाना बंद. पाला टांगला म्हणून वाद घालू नका, त्याने अपाय होत नाही. भांडायचं ते तीन गोष्टींवर: मुलाचं खाणं-पिणं तोडू नका, अंगावर पिणाऱ्याचं दूध थांबवू नका, आणि दवाखान्यात न्यायचं टाळू नका. गोवरमध्ये मुलं न्यूमोनियाने, जुलाबाने आणि मेंदूच्या सुजेने दगावतात. पुरळ कमी-जास्त उठलं यावरून त्याचा अंदाज बांधता येत नाही.

मग हे याच क्रमाने:

1. आशाताई किंवा आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. लपवलेला एक रुग्ण म्हणजे पंधरवड्याने गल्लीत आठ-दहा.
2. पुरळ उठल्यापासून चार दिवस मूल अंगणवाडीत, शिकवणीला, लग्नाला नेऊ नका. पुरळ उठण्याआधीचे चार दिवसही ते संसर्गजन्य असतं, म्हणून त्या दिवसांत कुणाकुणात खेळलं ते आठवून लिहा.
3. त्या मुलांत ज्यांचे डोस राहिलेत, त्यांना संपर्कापासून 72 तासांच्या आत लस मिळाली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. तयारीत केलेली यादी इथे कामाला येते.
4. आजारी मुलाला अ जीवनसत्त्वाचे दोन डोस, सलग दोन दिवस, वयानुसार. मात्रा डॉक्टर ठरवतील, मेडिकलमधून आणून देऊ नका.

दवाखान्यात जाताना आधी फोन करा. गर्दीच्या बाहेरच्या खोलीत तासभर बसलेलं गोवरचं मूल तिथल्या बाळांना आजार देऊन जातं.

साथीत 9 महिने ते 5 वर्षांच्या मुलांना जादा डोस दिला जाऊ शकतो, 2022 मध्ये तसा दिला गेला. तेव्हा लगेच प्रश्न येतो, "आधीची लस खराब होती का?" त्याचं उत्तर आधीच तयार ठेवा: नऊ महिन्यांच्या वयात एका डोसने शंभरातली साधारण 85 मुलं सुरक्षित होतात, बाकीच्यांना पुन्हा संधी द्यायची म्हणून हा डोस.

## पायरी 8: मोजणी

सत्रानंतर दोन दिवसांत यादी पुन्हा उघडा. टिंबं केलेल्या घरांतली किती मुलं आली? न आलेल्यांचं कारण त्यांच्याच शब्दांत लिहा आणि "नकार" व "अडचण" वेगवेगळे ठेवा. अडचणीवाली बहुतेक पुढच्या सत्रात येतात. नकार दिलेल्या घरी पुन्हा जा, पण आठवड्याने आणि वेगळ्या माणसाला घेऊन. तीन फेऱ्यांनंतरही नाही म्हणाले तर नातं तोडू नका. त्या गल्लीत गोवर आला तर सर्वांत आधी फोन त्यांनी तुम्हालाच करायला हवा.

ग्रुपवर एक ओळ टाका: "गुरुवारी 31 मुलांनी लस घेतली, चौघांना हलका ताप आला, सगळी बरी आहेत. राहिलेल्यांसाठी पुढचा गुरुवार." हा आकडा खराच असू द्या, आणि ताप आलेल्या चौघांना त्यातून वगळू नका.